प्रत्येक पानावर नवरा

“नवऱ्याचा फोटो चालणार नाही,” मी म्हणाले, आणि समितीच्या खोलीतले चहाचे कप एकदम बश्यांवर टेकले.

आमच्या समितीचे अध्यक्ष नानासाहेब गुळवे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कुणाच्या नवऱ्याचा?”

“कुणाच्याही. नवऱ्याचा, बायकोचा, मुलाचा, सुनेचा. सरकारच्या पैशानं अहवाल छापायचा, तर त्यात फोटो एकट्या आमदाराचा. घरातलं कुणी नको.”

‘मुलाचा’ म्हटल्यावर नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतला. पुढच्या निवडणुकीला ते मुलाला उभं करणार होते आणि त्यांच्या गेल्या अहवालात त्यांच्यापेक्षा त्याचेच फोटो मोठे होते.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. त्याच्या आदल्या वर्षी ठरलं होतं, की प्रत्येक आमदारानं आपल्या कामाचा अहवाल मतदारांना घरपोच पाठवावा. छपाई सरकारची, टपालखर्च सरकारचा. नियम मात्र कुणी केले नव्हते, त्यामुळे पहिल्या वर्षी ज्यानं त्यानं आपली हौस भागवून घेतली. एकानं मुलीच्या लग्नाचा अल्बम छापला. एकानं बायकोच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याही रंगीत. पेपरवाल्यांनी झोडपल्यावर आमची पाच जणांची समिती नेमली गेली. पक्षाचं चिन्ह नको, मतांची मागणी नको, निवडणूक जाहीर झाली की वाटप बंद, इथपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. नावामागच्या उपाध्या काढायच्या म्हटल्यावर बाळासाहेब ठोंबरे मात्र रडकुंडीला आले. “लोक मला कार्यसम्राट म्हणूनच ओळखतात हो. नुसतं बाळासाहेब ठोंबरे छापून आलं, तर लोक घरी समाचाराला येतील.”

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. आणि मग मी नवऱ्याचा विषय काढला.

“अध्यक्षमहाराज, माझी हरकत आहे.”

हेमलता रणनवरे उठून उभी राहिली होती. ती बोलायला उठली की सगळे कागद बाजूला ठेवून तिच्याकडं बघत. त्या दिवशी तिनं मोरपंखी साडी नेसली होती. मी काय नेसले होते ते मला आठवत नाही आणि दुसऱ्या कुणाला तर आठवायचा प्रश्नच नाही.

“घरच्यांच्या आधाराशिवाय बाई राजकारणात उभी राहू शकते का?” ती म्हणाली. आवाज गोड, पण खणखणीत. खोलीबाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल इतका. “निदान मुखपृष्ठावर तरी जोडीचा एक फोटो असू द्यावा.”

“मुखपृष्ठावर तर मुळीच नाही,” मी म्हणाले.

“मग शेवटच्या पानावर? लहानसा?”

“नाही.”

“बरं, फोटो राहू दे. ‘विशेष सहकार्य’ म्हणून नुसतं नाव छापलं तर?”

“नावही नाही. लिहून घ्या हो,” मी टिपणं घेणाऱ्या अधिकाऱ्याला म्हटलं.

“आणि उद्घाटनाच्या फोटोत घरचं माणूस शेजारी उभं असलं तर? काय कात्री लावायची?”

“लावायची.”

“निदान संपर्कासाठी तरी घरच्यांचा फोन नंबर चालेल ना?”

फोनचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. “फोन आमदाराचा. आणि तो आमदारानंच उचलायचा,” मी म्हणाले. सावळे गुरुजी विरोधी पक्षाचे, पण त्यांनीसुद्धा “वा, ताई!” म्हणून बाक वाजवला. हेमलता खाली बसली. तिचे डोळे भरून आल्यासारखे दिसत होते. मला इतकं बरं वाटलं, की मी तिसरा चहा मागवला.

आता खरं सांगते. मला सरकारच्या पैशाची कळकळ नव्हती असं नाही. चौथीच्या मुलांची शाळेची पुस्तकं वेळेवर येत नाहीत आणि आमदारांचे अहवाल मात्र गुळगुळीत कागदावर, याचा मला संताप होता. पण तेवढ्यासाठी मी इतकी पेटून उठले नसते. मी हेमलतेवर जळत होते. तिच्या साडीवर, तिच्या आवाजावर, आणि सगळ्यात जास्त तिच्या नवऱ्यावर.

आमचे मतदारसंघ शेजारी शेजारी. ती आणि मी एकाच वेळी निवडून आलो, एकाच पक्षातून. मी खेड्यातल्या शाळेवर मास्तरीण, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, अशी पायरी पायरीनं चढत आलेली. ती रणनवऱ्यांची सून म्हणून आली. तिचा नवरा दौलतराव उंचापुरा, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, कायम तिच्या उजव्या हाताला. तिच्या पहिल्या अहवालात तर प्रत्येक पानावर नवरा होता. मुखपृष्ठावर दोघं सत्यनारायणाच्या पूजेला बसलेली. आत पुलाचं उद्घाटन, तर कात्रीवर तिचा हात आणि तिच्या हातावर त्याचा. पुढं शाळेच्या वर्गात, मग आरोग्य केंद्रात. एका फोटोत वारा सुटलेला आणि तो तिचा पदर नीट करतोय.

त्या फोटोकडं मी किती वेळ बघत बसले होते, सांगायला लाज वाटते.

आमचे हे मी निवडून यायच्या दोन वर्षं आधी गेले. हेडमास्तर होते. मला पंचायत समितीला उभं राहा म्हणणारे तेच, पण स्वतः कधी स्टेजवर चढले नाहीत. सभेला आले तरी मागं झाडाखाली सायकल धरून उभे राहायचे. लग्नातला सोडला तर आम्हा दोघांचा एकत्र असा फोटोच नाही. माझ्या अहवालात माझा एकटीचा फोटो होता, रेशनकार्डावर शोभेल असा.

एकदा माझ्याच मतदारसंघात एका घरी चहाला गेले, तर भिंतीवर हेमलतेच्या अहवालाचं मुखपृष्ठ डिंकानं चिकटवलेलं. त्या बाईचं माहेर तिकडचं. “जोडी बघा ताई,” ती मला कौतुकानं म्हणाली. “लक्ष्मीनारायणाचा जोडा हाय अगदी.”

“आणि माझा अहवाल?” मी विचारलं.

“हाय की. भाकरीच्या डब्यात घातलाय तळाला. कागद लई चांगला हाय तुमचा, घाम सुटत न्हाई भाकरीला.”

मी हसले आणि चहा पिऊन उठले. गाडीत बसल्यावर मात्र ड्रायव्हरवर उगाच खेकसले.

त्यातून त्या अधिवेशनात आणखी एक भर पडली होती. मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायचा होता. आमच्या जिल्ह्याला एक राज्यमंत्रिपद मिळणार आणि ते बाईला देणार, हे जवळजवळ ठरलं होतं. बाया दोनच, ती आणि मी. मला ते पद हवं होतं. नुसतं बरं वाटेल म्हणून नव्हे. मला शिक्षण खातं हवं होतं आणि मी ते चांगलं सांभाळलं असतं, हे मला आजही वाटतं. आमच्या ह्यांनी शाळेच्या गळक्या छपरासाठी किती अर्ज केले होते, ते मी बघितलं होतं. पण मंत्रिपदाच्या चर्चेत जो तो म्हणायचा, “रणनवरेबाईंचं पारडं जड आहे. दौलतराव आहेत ना मागं.” माझ्यामागं कोण होतं? झाडाखालची सायकलसुद्धा आता नव्हती.

समितीची बैठक संपवून बाहेर आले, तर दौलतराव दाराशीच भिंतीला टेकून उभे. आत यायची परवानगी नव्हती म्हणून ते रोज तिथंच उभे राहात. शिपाई दार पूर्ण लावत नसे, कारण दौलतराव त्याला अधूनमधून पान खायला घालत.

“काय ताई,” ते हसत म्हणाले, “आमच्यावर एवढा राग का?”

“राग कसला? नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“ते बरोबरच. आता ज्याच्या घरी फोटोत उभं राहायला कुणी नाही, त्याला नियमाची काय अडचण?” असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि मागून येणाऱ्या हेमलतेच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. तिची पर्सही घेतली. ती दोघं जोडीनं पायऱ्या उतरून गेली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, आता ब्रह्मदेव आला तरी हे कलम बदलणार नाही.

ब्रह्मदेव नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी नानासाहेब आले. आमदार निवासाच्या हिरवळीवर मी उन्हात बसले होते. ते पिशवीभर संत्री घेऊन शेजारच्या खुर्चीत बसले. वयानं आणि पक्षात मोठे, त्यामुळे मला नेहमी एकेरीत बोलायचे आणि मला ते आवडायचं.

“शालन, कशाला नडतीस गं?” संत्रं सोलत ते म्हणाले. “सगळे आमदार तोंड वाकडं करून बसल्यात. कुणाला पोराला पुढं आणायचंय, कुणाला सुनंला. तू सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास.”

“नाना, पैसा लोकांचा आहे.”

“अगं, ते मला ठावं न्हाई का? पण वेळ कुठली, तू करतीस काय?” त्यांनी संत्र्याची एक फोड माझ्यापुढं धरली. “मंत्रिपदाला नाव कुणाचं द्यायचं, ते परवा मला विचारणार आहेत. मला तुझं द्यायचंय. त्या दौलतरावाला मंत्रालयात बसवायची माझी इच्छा न्हाई. पण निम्मे आमदार तुझ्या नावानं खडे फोडत असताना मी कुठल्या तोंडानं देऊ? उद्या बैठकीत तेवढं कलम मागं घे. बाकीचं मी बघतो.”

मी संत्र्याची फोड तोंडात टाकली. आंबट होती.

मला विचार करायला फार वेळ लागला नाही, हे कबूल करते. कलम कशासाठी आणलं होतं? हेमलतेला खाली बघायला लावायला. मग मंत्री झाले, की त्याहून जास्त काय हवं? ती आणि तिचा नवरा जोडीनं माझ्या दालनाबाहेर बाकड्यावर बसतील, अर्ज घेऊन. छापू देत हवे तेवढे फोटो.

“घेते मागं,” मी म्हणाले. नानांनी उरलेली संत्री पिशवीसकट माझ्याजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी केस विंचरत होते, तेव्हा दारावर टकटक झाली. दारात हेमलता. पायात घरातल्या सपाता, अंगावर शाल, तोंडाला पावडर नाही. तशीही ती चांगलीच दिसत होती, आणि तेवढ्या घाईतही ते माझ्या नजरेत सलल्याशिवाय राहिलं नाही.

“ताई, हे फिरायला गेलेत. परत यायच्या आत मला जायचंय,” ती आत येऊन दार लावत म्हणाली. “तुम्ही ते कलम मागं घेताय म्हणे?”

“बातमी लवकर पोचली.”

“काल ह्यांनी पेढे आणले. ताई, नका घेऊ मागं.”

माझा कंगवा केसांतच राहिला. “तूच तर उभी राहून भांडत होतीस.”

“भांडणारच की. ते दाराबाहेर उभे होते.”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, खिडकीपाशी उभी राहून खाली रस्त्याकडं बघत बोलत राहिली. “माझ्या कार्यालयात माझ्या खुर्चीवर ते बसतात. मी शेजारी स्टुलावर. लोक अर्ज आणतात, ते त्यांच्या हातात देतात. माझ्या सहीचा शिक्का त्यांच्या खिशात असतो. गेल्या वर्षी एका शाळेच्या जागेवर दुकानगाळे काढायला शिफारस गेली माझ्या सहीनं. मला पेपरात वाचून कळलं. मी विचारलं, तर म्हणाले, तुला कुणी मत दिलंय? लोकांनी फोटो बघून मत दिलंय, आणि फोटोत मी आहे.”

“मग तू काही बोलली नाहीस?”

“बोलले. एकदाच बोलले.” तिनं शाल जरा आवळून घेतली.

“मी काढा म्हटलं तर ते फोटो निघत नाहीत, ताई. सासरेबुवा आहेत, दीर आहेत, सगळं गाव आहे. पण सरकारचा नियम आहे म्हटलं, की त्यांनाही तोंड उघडता येणार नाही. फोटो नाही, नाव नाही, फोन त्यांचा नाही. लोकांना निदान कळेल, की आमदार कोण आहे. तेवढं झालं, की पुढचं मी बघीन.”

मला एकेक आठवायला लागलं. मुखपृष्ठ नको तर शेवटचं पान. फोटो नको तर नाव. आणि तो फोन नंबर.

“हेमलता,” मी म्हणाले, “परवा तू एकेक विचारत गेलीस आणि मी एकेक बंद करत गेले. ते तू मुद्दाम विचारत होतीस?”

“हो.”

“आणि मी नाहीच म्हणणार, हे तुला ठाऊक होतं?”

आता तिनं माझ्याकडं वळून बघितलं. “ताई, तुम्ही माझ्याकडं कशा बघता, ते मला कळत नाही का? मी हो म्हटलं, की तुम्ही नाही म्हणणार. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. वाईट वाटायचं आधी. मग म्हटलं, हे माणूस माझ्यावर एवढं जळतंय, तर त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.”

माझ्या चेहऱ्यावर कुणी गरम पाणी ओतलं असतं, तरी मी एवढी भाजले नसते. मी तिला वठणीवर आणतेय असं समजून समितीत गरजत होते, आणि ती मला बैलासारखी हाकत होती! कीव येण्याआधी मला तिचा राग आला. तिच्या दुःखातही ती माझ्यापेक्षा हुशार निघाली, याचा राग आला.

“तू मला वापरलंस,” मी म्हणाले.

“हो, वापरलं.”

“आणि हे कलम ठेवलं तर माझं मंत्रिपद जातं, हेही तुला ठाऊक असेल.”

“ते पण ठाऊक आहे. म्हणून तर स्वतः आले. नाहीतर आज पुन्हा भांडले असते आणि तुम्हाला चिडवलं असतं.” ती दाराकडं गेली. “तुमच्या जागी मी असते, तर मी ठेवलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू?”

ती गेली. मी खिडकीतून बघितलं. दौलतराव फिरून परत येत होते. फाटकातच त्यांना कुणी नमस्कार केला आणि हातात अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, खिशातून शिक्का काढला, फाटकाच्या खांबावर कागद ठेवून सही उठवली आणि त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली.

बैठक अकराला होती. खोलीत शिरताना दौलतराव दाराशी होतेच. मला त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मग हेमलता आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत तिचा पदर खांद्यावर नीट केला. तो फोटो मी जन्मभर बघितल्यासारखा मला पाठ होता. तिचा खांदा पदराखाली आक्रसला, ते मात्र फोटोत कधी दिसलं नव्हतं.

“शालनताईंना काहीतरी सांगायचंय,” नानांनी सुरुवात केली आणि मला डोळ्यानं खूण केली.

मी उठले. शिक्षण खातं, गळकी छपरं, माझ्या दालनाबाहेरचं बाकडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला तिच्यासाठी एवढं मोठं काही करायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण त्या माणसाला पेढे पचू द्यायचे नाहीत, एवढं नक्की झालं.

“मी कलम मागं घेत नाही,” मी म्हणाले. “उलट त्यात भर घालते. अहवालावर सही आमदाराच्या हातची हवी. शिक्का चालणार नाही.”

नानांचं तोंड उघडंच राहिलं. ठोंबरे म्हणाले, “आधी उपाधी नेली, आता बायकामुलं नेली, आता सहीचा शिक्का! राहिलं काय मग आमदारकीत?”

“मताला टाका,” सावळे गुरुजी म्हणाले.

हेमलता उठायला लागली. आता ती पुन्हा विरोधात बोलणार, व्हरांड्यात ऐकू जाईल असं, हे मी ओळखलं. आणि माझ्यातली जळकी बाई पुन्हा उसळून आली. म्हणजे मी माझी खुर्ची घालवायची, आणि हिनं घरी जाऊन सांगायचं, की मी तर विरोध केला होता?

“अध्यक्षमहाराज,” मी म्हणाले, “भाषणं झाली. हात वर करून मत घ्या. आणि शिपाईदादा, दार पूर्ण उघडा. उकडतंय.”

डिसेंबरातल्या नागपुरात उकडत होतं. शिपायानं दार उघडलं. दाराच्या चौकटीत दौलतराव.

बाजूनं मी आणि सावळे गुरुजी. विरोधात ठोंबरे. बरोबरी झाली तर नाना विरोधात जाणार, हे उघड होतं. हेमलतेचा हात टेबलावर होता. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात शिवी होती, आणि ती मला पोचली. मी नजर हलवली नाही.

तिनं हात वर केला. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या. हात नानांनी “मंजूर” म्हणेपर्यंत वरच राहिला.

बाहेर पडलो, तेव्हा दौलतराव दगडासारखे उभे होते. “चल,” ते तिला म्हणाले.

“तुम्ही व्हा पुढं,” ती म्हणाली. “मला सभागृहात जायचंय.” आणि त्यांच्या हातातून तिनं आपली पर्स काढून घेतली.

व्हरांड्यात तीन-चार पत्रकार घुटमळत होते. त्यांना यापेक्षा चांगली बातमी अख्ख्या अधिवेशनात मिळाली नव्हती. त्यांनी तिला गराडा घातला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेपरात तिचा फोटो, एकटीचा. ‘नवऱ्याचा फोटो नको! आमदार रणनवरे यांची ठाम भूमिका.’ एका पेपरानं तर तिच्यावर अग्रलेख लिहिला. कलम कुणी मांडलं, भर कुणी घातली, यावर एक ओळ नव्हती. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘अन्य सदस्यांनीही पाठिंबा दिला’ असं होतं. ती अन्य सदस्य मी.

गावोगावी तिचे सत्कार व्हायला लागले. दौलतरावांना तोंड लपवून जिल्ह्यात परतावं लागलं. सासरेबुवांनी काही दिवस आदळआपट केली, पण नियम छापून आल्यावर तेही गप्प बसले. आणि महिनाभरानं नानांचा मला फोन आला.

“शालन, वाईट वाटून घेऊ नकोस. लोकांनी तिला डोक्यावर घेतलंय. वरनं तिचंच नाव आलं.”

“खातं कुठलं?” मी विचारलं.

“शालेय शिक्षण.”

फोन ठेवल्यावर मी रडले. चांगली हमसून रडले. आमच्या ह्यांच्या फोटोपुढं जाऊन त्यांनाही बोलले, की तुम्ही त्या झाडाखालून जरा पुढं आला असता तर काय बिघडलं असतं?

शपथविधीला जायचं नाही असं ठरवलं होतं, पण न गेल्यावर लोक काय म्हणतील म्हणून गेले. हेमलतेनं शपथ घेतली, तीही न अडखळता. तिच्या जागी मी असते तर एकदा तरी अडखळले असते. खाली उतरल्यावर ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली आणि वाकून पाया पडली. माझ्या कानाशी म्हणाली, “दार उघडायला लावलंत, ते मी विसरणार नाही.” ती आभार मानत होती की धमकी देत होती, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

मला वाटलं, आता ती मला शेजारी उभी करील. तिनं माझा हात धरलाही. पण फोटोग्राफर ओरडला, “ओ ताई, जरा बाजूला व्हा! मंत्रीमहोदयांचा एकटीचा घ्यायचाय.”

मी बाजूला झाले. तिथं खांबाशी दौलतराव उभे होते. पांढरे कपडे तसेच कडक, पण त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभं राहून तिच्याकडं बघत होतो. फ्लॅश उडत होते. तिची साडी पिवळी होती आणि ती हसत होती.

“तुमच्या जागेवर गेली ती, ताई,” ते हळूच म्हणाले. “जळत नाही का तुम्हाला?”

“जळतं की. खूप जळतं,” मी म्हणाले. “म्हणून तर तुमच्याशेजारी उभं राहवत नाही.”

मी तिथून निघाले आणि पुढं जाऊन टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत शिरले. एका बाईनं सरकून मला जागा करून दिली.